मॅक्रो आणि कोरा रकाना

वाणिज्य शाखेतील आपल्यापैकी बहुतेकांची प्रोग्रॅमिंगविषयी एक ठाम समजूत असते. ती विद्या विज्ञानवाल्यांची आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्यांची. आपण फार तर टॅली शिकावे, एक्सेलमध्ये बेरजा कराव्यात आणि पदवी पदरात पाडून घ्यावी. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी शाळेत झाले. ‘व्हेरिएबल’, ‘लूप’, ‘कंडिशन’ हे शब्द प्रथम कानावर आले तेव्हा ते आपल्यासाठी नाहीतच असे मलाही वाटले होते. पण ज्याला रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज ठाऊक आहे त्याला प्रोग्रॅमिंगचा अर्धा भाग आधीच येत असतो. उरलेला अर्धा शिकायचा तर कचेरीत वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमधील ‘मॅक्रो’ हे उत्तम साधन आहे. हे कसे, ते प्रस्तुत लेखात एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरण भोपाळचे घेतले आहे, त्यालाही कारण आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथे आत्याकडे होते आणि शेजारच्या एका छोट्या क्लासमध्ये पाच आठवडे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस शिकले. भोपाळात असे क्लास गल्लोगल्ली दिसतात. १९९० साली स्थापन झालेल्या तेथील माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठाच्या संगणक पदविका राज्यभरच्या अभ्यासकेंद्रांतून दिल्या जातात. शिवाय तेथील सरकारी कचेऱ्यांतील कारकुनी पदांसाठी संगणकज्ञान आणि टंकलेखन तपासणारी ‘सीपीसीटी’ ही परीक्षा असते. तिच्या तयारीला मुलेमुली झुंबड करतात. हात किती भरभर चालतो हे टंकलेखनाच्या परीक्षेत कळते. नियम बरोबर लिहिला आहे की नाही, हे मात्र मॅक्रो लिहिल्यावरच कळते. आमचे सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, “पहले रजिस्टर पढ़ो, फिर कंप्यूटर खोलो.” त्या एका वाक्यात पुष्कळ अर्थ होता.

रजिस्टर ते टेबल

डेटाबेस म्हणजे शिस्तीत ठेवलेली रजिस्टरे. एका रजिस्टरला ‘टेबल’ म्हणतात, आडव्या ओळीला ‘रेकॉर्ड’ आणि उभ्या रकान्याला ‘फील्ड’. टेबलांतून हवी ती माहिती निवडून काढणारा प्रश्न म्हणजे ‘क्वेरी’. माहिती भरण्याचा छापील नमुना पडद्यावर आणला की तो ‘फॉर्म’. माहिती अशी परस्परांशी जोडलेल्या टेबलांत ठेवावी ही कल्पना ई. एफ. कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. पुढे आपल्याकडील कचेऱ्यांत डीबेस आणि फॉक्सप्रो आले. ॲक्सेस १९९२ साली बाजारात आले. ज्यांना ते विकत घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी लिब्रेऑफिसमधील ‘बेस’ विनामूल्य मिळते. मॅक्रोची मांडणी तेथे निराळी असली तरी टेबल आणि क्वेरीचे तत्त्व तेच आहे.

कागदी रजिस्टर आणि टेबल यांत एक मोठा भेद आहे. कागदावर ‘बेळगाव’ लिहिले काय आणि ‘बेळगावी’ लिहिले काय, कारकुनाला दोन्ही एकच हे कळते. टेबलाला ते कळत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलले. तेव्हा ‘बेळगाव’ शोधणाऱ्या क्वेरीला ‘बेळगावी’ लिहिलेल्या ओळी सापडणार नाहीत. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या भागात माणसांच्या नावांचेही असेच होते. एकच आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने आणि रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. म्हणून डेटाबेसमध्ये प्रत्येक ओळीला न बदलणारा, दुसऱ्या कोणाला न दिलेला क्रमांक देतात. परीक्षेच्या आसनक्रमांकाप्रमाणेच त्याचे काम चालते.

मॅक्रो म्हणजे काय

कारकून रोज सकाळी जी कामे एका ठरावीक क्रमाने करतो ती एका कागदावर लिहून काढा. रजिस्टर उघड, आजचे अर्ज वेगळे कर, रक्कम मांड, चूक दिसली तर साहेबांना दाखव, नाही तर यादीत चढव. हीच यादी यंत्राला समजेल अशा शब्दांत लिहिली की मॅक्रो तयार होतो. ॲक्सेसमध्ये त्यासाठी फारसे टंकलेखनही करावे लागत नाही. ‘ओपन फॉर्म’, ‘ओपन क्वेरी’, ‘मेसेज बॉक्स’ अशा तयार कृती एका यादीतून निवडून एकाखाली एक मांडायच्या असतात. मध्ये अट घालायची असेल तर ‘इफ’, आणि अट पुरी झाली नाही तर काय करायचे ते ‘एल्स’, म्हणजे ‘अन्यथा’. तेच काम पुन्हा पुन्हा करायचे तर ‘रन मॅक्रो’ या कृतीला किती वेळा ते सांगता येते.

क्रम, अट आणि पुनरावृत्ती या तीन गोष्टी आल्या की प्रोग्रॅमिंगचा पाया आला. बाकीचे सारे त्यावर रचलेले असते. मॅक्रोचा विशेष लाभ असा की या तीन गोष्टी आपल्याला परिचित असलेल्या हिशेबावर, म्हणजे कन्नड विभागातील आपले मित्र ज्याला ‘लेक्क’ म्हणतात त्यावर, शिकता येतात. अनेक पुस्तकांत आरंभी अविभाज्य संख्या शोधायला लावतात. ती संख्या चुकली तर कोणाचे काही बिघडत नाही. हिशेब चुकला तर बिघडते, आणि कसे बिघडते हे आपल्याला समजते.

भोपाळचे उदाहरण

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळ येथील कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. त्या दुर्घटनेविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. पण त्यानंतर अनेक वर्षे जे चालले ते एक प्रचंड हिशेबाचे काम होते, याकडे आपले लक्ष जात नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. पुढे दहा लाखांहून अधिक दावे दाखल झाले आणि त्यांपैकी सुमारे पावणेसहा लाख मंजूर झाले. इजा झालेल्यांपैकी बहुसंख्यांना २५,००० रुपये मिळाले. जुलै २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिल्लक रक्कमही दावेदारांत वाटण्याचा आदेश दिला. तेव्हा प्रत्येकाला मूळ भरपाईइतकीच रक्कम पुन्हा मिळाली, म्हणजे २५,००० चे ५०,००० झाले.

२०१० साली केंद्र सरकारने काही वर्गांसाठी सानुग्रह रक्कम ठरवली. मृत्यूसाठी १० लाख, कायम अपंगत्वासाठी ५ लाख, कर्करोगासाठी २ लाख, मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यास २ लाख आणि तात्पुरत्या अपंगत्वासाठी १ लाख. या प्रत्येक रकमेतून आधी मिळालेली भरपाई वजा करायची होती. नियम एका ओळीचा आहे:

देय रक्कम = मंजूर रक्कम वजा आधी मिळालेली रक्कम.

प्रत्यक्ष कचेरीतील काम याहून पुष्कळ गुंतागुंतीचे होते. आपण सरावासाठी फक्त हा नियम घेऊ आणि पाच काल्पनिक अर्ज मांडू.

अर्ज १: मृत्यू, आधी मिळालेले २,००,०००.
अर्ज २: कायम अपंगत्व, आधी मिळालेले १,००,०००.
अर्ज ३: कर्करोग, आधी मिळालेले ५०,०००.
अर्ज ४: मूत्रपिंडे निकामी, आधी मिळालेले, रकाना कोरा.
अर्ज ५: प्रकाराचा रकाना कोरा, आधी मिळालेले ५०,०००.

पहिल्या तीन अर्जांचे उत्तर कोणीही तोंडी सांगेल: ८,००,०००, ४,००,००० आणि १,५०,०००. मॅक्रोही तेच सांगतो. प्रोग्रॅमिंगचे खरे शिक्षण चौथ्या आणि पाचव्या अर्जापाशी सुरू होते.

कोरा म्हणजे शून्य नव्हे

चौथ्या अर्जात आधी मिळालेल्या रकमेचा रकाना कोरा आहे. ॲक्सेस अशा रकान्याला ‘नल’ म्हणते. नल म्हणजे शून्य नव्हे. ‘येथे काय आहे ते माहीत नाही’ असा त्याचा अर्थ. आणि माहीत नसलेली रक्कम २ लाखांतून वजा केली तर उत्तरही माहीत नसलेलेच येते. म्हणजे देय रकमेचा रकाना कोरा राहतो. यंत्र कुरकुर करत नाही, घंटा वाजवत नाही. यादी छापून निघते आणि चौथ्या अर्जदाराच्या नावापुढे काहीच नसते.

यावर उपाय म्हणून ‘एनझेड’ नावाचे एक सूत्र शिकवतात. रकाना कोरा असेल तर त्याला शून्य समज, असे त्यात सांगता येते. सूत्र घातले की चौथ्या अर्जापुढे २,००,००० उमटतात आणि यादी नीटनेटकी दिसते. पण येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. आपल्या वह्यांत काही नाही हे दाखवायला आपण आडवी रेघ मारतो. कोऱ्या जागेचा अर्थ नोंद करायची राहिली आहे, असा होतो. या अर्जदाराला पूर्वी खरोखर काहीच मिळाले नव्हते, की ५०,००० मिळाले होते आणि ते चढवायचे राहिले? पहिले खरे असेल तर २,००,००० योग्य. दुसरे खरे असेल तर ५०,००० जास्त गेले आणि ते पुढे कधीतरी त्याच माणसाकडून परत मागितले जाणार. कोणते खरे, हे यंत्राला ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून बरोबर मॅक्रो असा: आधी मिळालेल्या रकमेचा रकाना कोरा असेल तर हिशेब करू नको, तो अर्ज ‘तपासणी’ या वेगळ्या यादीत टाक आणि माणसाला सांग.

‘अन्यथा’ कोणासाठी?

पाचव्या अर्जात प्रकारच लिहिलेला नाही. नवशिका विद्यार्थी मॅक्रो साधारणपणे असा लिहितो: प्रकार मृत्यू असेल तर १० लाख, कायम अपंगत्व असेल तर ५ लाख, कर्करोग असेल तर २ लाख, मूत्रपिंडे निकामी असतील तर २ लाख, अन्यथा १ लाख. पाचच प्रकार आहेत, चार सांगून झाले, तेव्हा उरला तो पाचवाच, असा त्याचा हिशेब. पण ‘अन्यथा’मध्ये फक्त पाचवा प्रकार येत नाही. वरच्या चारांत न बसणारे सगळे त्यात येतात. कोरा रकाना कशाशीही जुळत नाही, म्हणून तो शेवटच्या खणात जाऊन पडतो. आपल्या पाचव्या अर्जदाराला कोणत्याही डॉक्टरने न तपासता ‘तात्पुरते अपंगत्व’ असे ठरवले गेले. कदाचित त्याला मिळायला हवे होते ५ लाख. कदाचित काहीच नाही.

यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे दरांचे वेगळे टेबल करणे. एका रकान्यात प्रकार, दुसऱ्यात मंजूर रक्कम. क्वेरीने दोन टेबले प्रकारावरून जोडायची. दर बदलला तर एकाच जागी बदलावा लागतो, मॅक्रो उघडावा लागत नाही. परंतु येथेही एक खाच आहे. साध्या जोडणीत ज्या ओळीला जोडीदार सापडत नाही ती ओळ निकालातून गळते. पाच अर्ज आत गेले आणि चार बाहेर आले. पाचवा अर्जदार चुकीच्या खणातसुद्धा नाही. तो कोठेच नाही.

यावरचा उपाय मात्र आपल्याच शाखेचा आहे. तेरीज जुळली की नाही हे पाहिल्याशिवाय आपण पुढे जात नाही. तसेच येथे करावे. मॅक्रोच्या आरंभी ‘डीकाउंट’ सूत्राने आलेले अर्ज मोजावेत. शेवटी देय यादीतील आणि तपासणी यादीतील अर्ज मोजून त्यांची बेरीज घ्यावी. दोन्ही आकडे सारखे नसतील तर ‘मेसेज बॉक्स’ने तसे दाखवून मॅक्रो थांबवावा. आपल्या उदाहरणात आलेले पाच. देय यादीत तीन, तपासणीत दोन. जुळले.

एखाद्या खणात माणूस का पडला याने किती फरक पडतो, हे भोपाळच्या कागदांतच दिसते. १९९० साली ३,५८,७१२ जणांच्या वैद्यकीय नोंदींची जी वर्गवारी झाली तिचे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात आले आहेत. त्यांत १,५५,२०३ जण ‘इजा नाही’ या वर्गात होते, १,७३,३८२ जण ‘तात्पुरती इजा’ या वर्गात, आणि ‘कायमचे संपूर्ण अपंगत्व’ या वर्गात अवघे ४०. ही वर्गवारी ॲक्सेसच्या मॅक्रोने केलेली नव्हती. ॲक्सेस तेव्हा बाजारात आलेही नव्हते. पण नियमाने माणसांचे खण पाडण्याचे काम तेच. ही वर्गवारी सदोष आहे, अनेकांची इजा तीत कमी लेखली गेली, असे वायुपीडितांच्या संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या. भरपाई वाढवून मागणारी सरकारची फेरविचार-दुरुस्ती याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली.

दरम्यान २०१० ची सानुग्रह रक्कम ठरली तेव्हा किरकोळ इजेच्या वर्गातील बहुसंख्य दावेदार तिच्याबाहेर राहिले. एकदा लिहिलेला शेरा वीस वर्षांनीही रक्कम ठरवत राहतो. ‘इजा आढळली नाही’ आणि ‘इजेचा कागद मिळाला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलात त्यांना दोन वेगळे शेरे ठेवले तरच त्या पुढे वेगळ्या राहतात. रकाने आखणाऱ्याने हा विचार आरंभीच करायचा असतो.

एकदाच चालवायचे काम

२००४ च्या आदेशावरून आणखी एक धडा घेता येतो. मूळ भरपाईइतकीच रक्कम पुन्हा द्यायची. ॲक्सेसमध्ये हे एका ‘अपडेट क्वेरी’चे काम आहे: रक्कम या रकान्यात जे असेल त्याची दुप्पट कर. बटण दाबले, २५,००० चे ५०,००० झाले. दुपारी दुसऱ्या कारकुनाने काम राहिले समजून तेच बटण पुन्हा दाबले. आता १,००,००० झाले. शिवाय एकदा पुरी झालेली अपडेट क्वेरी मागे घेता येत नाही. क्वेरी चालण्यापूर्वी ‘इतक्या ओळी बदलणार आहेत’ असा इशारा ॲक्सेस देते. पण तो सारखा येतो म्हणून ‘सेट वॉर्निंग्ज’ या कृतीने तो बंद करण्याची युक्ती पुष्कळ जण लवकर शिकतात. ती शिकण्याची घाई करू नये.

उपाय पुन्हा जमाखर्चातलाच. आपण जुना आकडा खोडून नवा लिहितो काय? नाही. आपण नवी नोंद करतो. म्हणून रक्कम दुप्पट न करता ‘वाटप’ नावाचे टेबल करावे. त्यात अर्ज क्रमांक, हप्ता क्रमांक, रक्कम आणि तारीख हे रकाने ठेवावेत. एका अर्जाला एकाच क्रमांकाचा हप्ता दोनदा येऊ नये असा निर्बंध टेबलावरच घालावा. मग बटण दहा वेळा दाबले तरी दुसरा हप्ता एकदाच चढेल. शिवाय कधी किती दिले हा इतिहास शिल्लक राहील. दुहेरी नोंद पद्धतीचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकीच, कदाचित थोडी आधी सुचेल.

पुढचा टप्पा

मॅक्रो लिहिल्यावर तो ‘सिंगल स्टेप’ने चालवून पाहावा. तेव्हा ॲक्सेस प्रत्येक कृतीपाशी थांबते, अट खरी ठरली की खोटी ते दाखवते आणि मगच पुढे जाते. चूक कोणत्या पायरीवर आहे हे शोधण्याची सवय येथेच लागते. सराव झाला की ‘कन्व्हर्ट मॅक्रोज टु व्हिज्युअल बेसिक’ हे बटण दाबावे. आपण यादीतून निवडलेल्या कृती व्हिज्युअल बेसिकच्या भाषेत लिहून समोर येतात. ‘इफ’, ‘एल्स’ आणि ‘एंड इफ’ हे शब्द तेव्हा परके वाटत नाहीत, कारण त्यांचा अर्थ आपण आधी रजिस्टरवर पाहिलेला असतो. तेथून पायथनसारख्या भाषेकडे जाणेही फारसे अवघड राहत नाही. मॅक्रोला मर्यादा आहेतच. फार मोठे किंवा एकाच वेळी शेकडो लोक वापरतील असे काम ॲक्सेसवर करत नाहीत. आणि एक सावधगिरी: अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फायलीतील मॅक्रो कधीही चालू करू नयेत. १९९९ साली ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपण होऊन बंद ठेवायला सुरुवात केली, ती याच जातीच्या धोक्यामुळे.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक तास बसा. आपल्या ओळखीचे कोणतेही छोटे रजिस्टर घ्या: वसतिगृहाच्या खानावळीचे, भिशीचे, ग्रंथालयाच्या दंडाचे. पाच ओळी भरा आणि त्यांची उत्तरे आधी कागदावर हाताने काढा. मग त्यांतील एका ओळीत एक रकाना मुद्दाम कोरा ठेवा आणि मॅक्रो चालवा. त्या ओळीचे काय झाले ते पाहा. तो कोरा रकाना एखाद्या माणसाचा असेल तर त्याचे काय व्हावे, हे ठरवून तसा नियम लिहा. तो लिहिता आला की प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात झाली असे खुशाल समजावे.